हळदीला विचारलेला प्रश्न

माझ्या आजीला आनंदी व्हायला फार काही लागत नसे, आणि घरातल्या माणसांना तिचं हेच खटकायचं. विधवा बाईने कसं कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसावं. आजीला जपाने झोप यायची. पहाटे मळ्यात जावं, वांग्याच्या झाडाखाली हात घालावा आणि काल नजरेतून सुटलेलं एखादं वांगं सापडावं, एवढ्यावर ती स्वतःशीच हसायची. बाजाराच्या दिवशी मोताळ्याला बशीतून प्यायलेला गोडमिट्ट चहा, गरम भाकरीवर ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार, दुपारी भाजलेल्या तंबाखूची मशेरी. गावात वीज यायची होती, पण एस.टी. यायला लागली होती, आणि तिचा भोंगा वाजला की आजी हातातलं खुरपं टाकून बांधावर उभी राहायची. कोण उतरलं ते पाहायला. तिचं कोणी येणार नसायचं. तरी पाहायची.

या सगळ्यात तिची वाटेकरी एकच होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला बौद्धांची वस्ती होती, तिथे राहणारी तिची मैत्रीण. माझे बाबा रांगत होते तेव्हापासून ती आमच्या मळ्यात निंदण-खुरपणाला यायची. बाजारालाही दोघी बरोबर. आजीच्या टोपलीत वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि तिच्या टोपलीत बांधावरची अंबाडी, तरोट्याची रानभाजी, दिवस असले तर बोरं. एकच पोतं अंथरून दोघी शेजारी बसायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की येणाऱ्याजाणाऱ्यांची टिंगल करायच्या. कोणाचं धोतर कसं, कोणाची बायको पुढे किती चालते. मी लहानपणी त्यांच्यामध्ये बसून हे सगळं शिकले. आई म्हणायची, पोरगी वाया जाणार. ते थोडंफार खरं झालं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्या लोकांनी धर्म बदलला. मैत्रिणीच्या मुलाने घरातले देव टोपलीत घातले आणि नदीत सोडले. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मळ्यात तिने तोंड उघडलं.

"सोडले त सोडले. पण मले काऊन नाही देल्ले? मी सांभाळले असते."

"हाव, अन मंग तू रोज त्याईच्या कानाशी आमची चुगली केली असती," मैत्रीण म्हणाली.

त्यावर दोघी इतक्या हसल्या की मोटेवरचा गडी वळून पाहायला लागला. भांडण तिथेच मिटलं.

आजीचे देव म्हणजे विहिरीवरच्या आसरा, पाण्याच्या देवी. शेंदूर लावलेले सात दगड, कडुनिंबाखाली. दर मंगळवारी ती तिथे दिवा लावायची आणि मागायची. नुसतं नमस्कार करून परत येणं तिला जमायचं नाही. म्हशीला पारडीच होऊ दे, भावकीतल्या अमक्याची खोड मोडू दे, लेकाचा खोकला जाऊ दे. मैत्रीण लांब बांधावर बसून राहायची. देवाला हात जोडणं तिने सोडलं ते कायमचं सोडलं, पण मंगळवारची सोबत सोडली नाही. "मी इथंच बसते तुह्या चपला राखत," ती म्हणायची. "तुह्या आसराईचा काय भरोसा? चपला घालून जातीन." आजी ओरडायची, "जीभ झडन तुही!" आणि परत येताना तिच्याच हातावर पहिला प्रसाद ठेवायची. ती गूळ-खोबरं खाऊन टाकायची. प्रसाद म्हणून नाही, गूळ म्हणून, हेही सांगायची.

एक गोष्ट लपवणार नाही. माझी आजी काही सुधारक नव्हती. मळ्यात दोघी एका फडक्यावरची भाकर खायच्या, एकीने अर्धा चावलेला कांदा दुसरी खायची. पण तीच मैत्रीण घरी आली की ओसरीच्या पायरीवर बसायची, आणि तिची कपबशी वेगळी, खिडकीत पालथी घातलेली असायची. आजीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, किंवा दिसत असलं तरी तिने कधी दाखवलं नाही. मैत्रीण मात्र चहा पिता पिता म्हणायची, "मळ्यात तुहा कांदा बाटत नाही, अन घरी कप बाटते. मजा आहे बाप्पा तुमची." आजी मशेरीचं बोट तोंडात घालून दातांवर फिरवत राहायची.

आता हळदीची गोष्ट. आजीची एक समजूत होती, आणि ती पूर्ण गावाची होती की फक्त तिची, हे मला अजून कळलेलं नाही. हळद लागली की पोरीच्या अंगात देवी येते, आणि हळदीच्या अंगाने ती जे बोलते ते खोटं होत नाही, असं ती मानायची. त्यामुळे घरात, भावकीत कुठेही हळद असली की संध्याकाळी आजी नवरीसमोर बसायची आणि एक प्रश्न विचारायची. फक्त एक. माझ्या आत्याच्या हळदीत तिने विचारलं होतं, विहिरीला पाणी लागेल का? आत्या दिवसभराची उपाशी, कावलेली. म्हणाली, "लागन, लागन, मले आंधी भाकर द्या." आठ दिवसांत पाणी लागलं. मैत्रीण म्हणायची की ते सुरुंगाने लागलं. पण आजीचा विश्वास तेव्हापासून जो पक्का झाला तो झाला. माझं लग्न ठरलं तेव्हा ती मला म्हणाली होती, "तुह्या हळदीले काय इचाराचं ते मी ठरवूनच ठेवलं आहे." काय ते सांगितलं नाही. म्हणे सांगितलं की फळत नाही.

ठरवलेला प्रश्न तिला विचारता आलाच नाही, कारण माझ्या लग्नाला अकरा दिवस राहिले असताना मैत्रीण आजारी पडली. आधी ताप, मग छातीत कफ, मग ती उठेनाशी झाली. आजी रोज वस्तीवर जायची. मळ्यातली भाजी न्यायची, दूध न्यायची, तिच्या उशाशी बसून बाजारातल्या माणसांच्या नकला करायची. तिसऱ्या दिवशी तिने आसरांपुढे बोलून टाकलं, माझी गडीण उठून बसेपर्यंत मी धान्य खाणार नाही. मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर दूध, एवढ्यावर ती राहू लागली. हे मैत्रिणीला कळलं तेव्हा ती खोकत खोकत हसली म्हणे. "मी मरीन तव्हा मरीन वं बाई, तू त्याच्या आंधीच जाशीन उपाशी."

हळदीच्या आदल्या दिवशी बाबांनी आजीला अडवलं. माझं सासर जळगाव जामोदचं. तिकडची माणसं दुसऱ्या दिवशी उष्टी हळद घेऊन येणार होती आणि लग्नापर्यंत आमच्याकडेच उतरणार होती. सोयरे मोठे कर्मठ. नवरीची आजी सकाळ-संध्याकाळ त्या वस्तीत जाऊन बसते हे त्यांच्या डोळ्यांवर येईल, असं बाबांना वाटत होतं. ते तसं स्पष्ट बोलले नाहीत. म्हणाले, "पाहुणे आहेत माय, दोन दिवस घरीच राह्य. लगन लागलं का जा."

आजीने विचारलं, "अन मधात काही झालं त?"

"काही कमीजास्त झालं त पह्यले तुले सांगीन. तुही आण."

आईची शपथ म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द. आजी थांबली. मी तिथेच चौकटीला टेकून उभी होते, म्हणून हे मी ऐकलं. बाबा वाईट माणूस नव्हते. हे मी आज लिहू शकते, तेव्हा लिहू शकले नसते.

हळदीच्या दिवशी दुपारी सोयरे आले. उष्टी हळद लागली. मला मधल्या खोलीत पाटावर बसवलं, अंगभर पिवळी, हातात सुपारी आणि कट्यार. बाहेर मांडवात पहिली पंगत बसली होती. माझ्या खोलीच्या खिडकीतून मागचं अंगण दिसायचं, तिथे बुंदीच्या पराती धोतरांनी झाकून ठेवल्या होत्या. तेवढ्यात मागच्या फाटकातून मैत्रिणीची सून आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पळत आली असावी, कारण तिला श्वास पुरत नव्हता. बाबा परातींजवळ उभे होते.

"भाऊ, माही सासू गेली जी. मावशीले सांगा. सारे म्हणतात, मावशी आल्याबिगर माती नाही द्याची. थांबून राह्यलो आम्ही."

बाबांनी एकदा मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव, सांगतो." आणि त्यांनी काय करावं? पत्रावळीच्या द्रोणात बुंदी भरली आणि तिच्या हातात दिली. काय करायचं ते न सुचल्यामुळे दिली असेल. लग्नघरातून कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून दिली असेल. जिची सासू घरात मरून पडली आहे ती बाई तो द्रोण हातात घेऊन उभी राहिली. मग वळली आणि गेली.

बाबा आत आले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना कळलं की मी ऐकलं आहे. आईही मागोमाग आली. आई म्हणाली, हळदीच्या घरात मरणाचा शब्द काढत नाहीत. बाबा म्हणाले, "सोयरे जेवून राह्यले. आता माय तिकडं रडत गेली त काय दिसन? उद्या लगन लागलं का मी सोता सांगतो. तू तोंड उघडू नोको." मी म्हणाले, ते लोक थांबलेत ना. बाबा म्हणाले, "थांबतीन थोडे, मंग समजतीन." आणि पंगतीत वाढायला निघून गेले. मी पाटावरून उठले नाही. हळद लागलेल्या नवरीने पाट सोडायचा नसतो, आणि मला तेव्हा ही सबब फार सोयीची वाटली. मला लग्न हवं होतं. नवरा मला आवडला होता. काही मोडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दिवस बुडाला तसे लोक तिथे थांबून थांबून माती द्यायला निघाले असतील. आमच्याकडे दुसरी पंगत उठली, तिसरी उठली.

दिवेलागणीला आजी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. विधवा म्हणून ती दिवसभर मांडवातल्या कोणत्याच कामात नव्हती. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, कोणी तिला हाक मारली नव्हती. ती आत आली नाही. नवरीवर सावली पडू नये, म्हणून बाहेरच बसली. आठ दिवसांच्या उपासाने तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने पदर दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरला. आसरांपुढे पसरायची तसाच.

"सांग वं माय," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला माय म्हणाली. "उठीन का माही गडीण?"

खोलीत आई होती. दोन पाहुण्या बायका होत्या. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

मी म्हणाले, "उठीन आजी. बरी आहे थे."

आजीने उंबऱ्यावर डोकं टेकलं. मग उठली, डोळे पुसले आणि हसली, सकाळी वांगं सापडल्यावर हसायची तशी. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन तिने जेवण मागितलं. आठ दिवसांनी. भात खाल्ला, वरण खाल्लं, आणि कोणीतरी आग्रह केला म्हणून दोन मुठी बुंदी खाल्ली. "देवी बोलली," असं ती वाढणारीला सांगत होती. ते मला आतून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि मी वऱ्हाडाबरोबर नांदुऱ्यावरून जळगाव जामोदला गेले. निघताना सगळे रडले, मीही रडले, आणि लोकांना वाटलं माहेर सुटतं म्हणून रडते. बाबांनी सांगितलं का, हे विचारायला वेळ मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी वेळ काढला नाही.

पाचव्या दिवशी मी माहेरी परत आले तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आजी गोठ्याशेजारच्या पडवीत घोंगडीवर एकटी बसली होती. तिची भाकर वेगळी, पाणी वेगळं. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, बुढी सुतक धरून बसली आहे. कोणाचं? आईने वस्तीच्या दिशेने नुसती मान हलवली.

काय घडलं ते मला नंतर मैत्रिणीच्या सुनेनेच सांगितलं. बाबांनी लग्न लागल्यावरही आजीला काही सांगितलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर सांगू, मांडव उतरल्यावर सांगू, असं चाललं होतं. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने आंघोळ केली, आसरांना नारळ फोडला, मळ्यातला सांभार आणि कोवळी वांगी घेतली, माझ्या लग्नाची बुंदी फडक्यात बांधली आणि वस्तीवर गेली. दारातूनच ओरडली, "उठली का वं? पाह्य, बोलली का नाही माही आसरामाय?" सून अंगण सारवत होती. तिला आधी वाटलं, मावशी थट्टा करते आहे. मग वाटलं, हिचं डोकं फिरलं. "मावशी, माती देऊन दोन दिस झाले," ती म्हणाली. "दिस बुडेपर्यंत थांबलो तुमच्यासाठी. निरोप देल्ला होता मी. भाऊंनी बुंदी देल्ली." आजी उभी होती तिथेच खाली बसली. सून म्हणाली, रडली नाही. फडकं सोडलं आणि बुंदी मुठीमुठीने कोंबड्यांना टाकली, सगळी संपेपर्यंत.

तिथून आली ती सरळ पडवीत बसली. बाबांनी समजावलं, हातापाया पडले, चिडले. नव्या सोयरिकीची माणसं मला पोचवायला आली होती, आणि घरातली म्हातारी परक्या जातीच्या बाईचं सुतक धरून बसली आहे हे त्यांना काय सांगायचं? मी तिथे असतानाच ते पुन्हा पडवीत गेले.

"माय, आपल्याले त्याईचं सुतक लागत नाही. त्याईच्यात त सुतक पाळतही नाहीत आता."

आजीने मान वर केली.

"सुतक लागत नव्हतं?"

"नाही माय."

"मंग लपवलं काऊन?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुह्या मांडवाले इटाळ होत नव्हता. मी रांडमुंड, मले कोणी हळदीले हात लावू देल्ला नाही, मी गेली असती त अक्षता कमी पडल्या नसत्या. तांदूळ निवडून राह्यली होती मी, पोरा. ते लोक प्रेत ठेवून माही वाट पाह्यतात अन मी तांदूळ निवडते, खडे काढून राह्यली. काऊन लपवलं?"

बाबा गोठ्यात गेले आणि बैलांच्या पुढ्यातला चारा उगाच हलवत राहिले.

संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने लांब बस म्हणून सांगितलं, सुतक आहे म्हणून. नवी नवरी मी, मला दोष लागायला नको, म्हणून. एवढं होऊनही तिला माझ्या दोषाची काळजी होती, हे मला सहन होईना. मी रडत म्हणाले, "आजी, मले माहीत होतं. मी खिडकीतून ऐकलं होतं."

मला वाटलं होतं तिला ते कळलेलं असेल. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की कळलेलं नव्हतं. तिने मला माफ करण्यासाठी एक वाट शोधून ठेवली होती. नवरी पाटावर बसलेली, तिला कोण सांगणार? पोरगी आपल्या मनाने बोलली, आणि देवीनेच या वेळी फसवलं. तीन-चार दिवस ती देवीवर रुसून बसली होती, माझ्यावर नाही. आणि मी माझं मन हलकं करायला ते सांगून बसले होते.

ती म्हणाली, "मी तुले नव्हतं इचारलं वं. मी तुह्या हळदीले इचारलं होतं. तू काऊन बोलली मधात?"

"आई पाहून राह्यली होती. बाबानं सांगतलं होतं."

"गप राह्यली असती. नवरी गप राह्यते कधी कधी. मी समजली असती."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. गप्प राहता आलं असतं. आज इतकी वर्षं झाली, मला माझ्या खोट्यापेक्षा या एका वाक्याचा जास्त त्रास होतो. आणि बाबांचा रागही येतो, अजून येतो. त्यांनी माझ्या लग्नाच्या नावावर हे केलं. माझ्या सुखाची ढाल पुढे केली आणि मागे लपले. मीही त्यांना लपू दिलं. पुढे कोणी माझ्या लग्नाच्या पंगतीची स्तुती केली की मला त्या द्रोणातली बुंदी आठवायची, आणि मी उठून आत जायचे. नवऱ्याला वाटायचं, बायको लाजते.

दहा दिवस आजीने सुतक पाळलं. दहाव्या दिवशी नदीवर जाऊन एकटीने आंघोळ केली. तिथे ती काय बोलली, कोणाशी बोलली, कोणाला ठाऊक नाही. आईला एवढंच म्हणाली, "तिले मी मेल्यावरच सोयरी केली. जिती होती तव्हा पायरीवर बसवली." मग ती पुन्हा मळ्यात जाऊ लागली, बाजारालाही. अर्धं पोतं मोकळं राहायचं, तिथे ती दुसऱ्या कोणाला बसू द्यायची नाही. मंगळवारचा दिवा चालू राहिला. पण आता ती दिवा लावायची आणि सरळ परत यायची. काही मागायची नाही. पुढे माझ्या दोन धाकट्या बहिणींची लग्नं झाली. दोघींच्या हळदीला संध्याकाळी सगळे तिची वाट पाहत होते, आजी येईल, प्रश्न विचारेल. ती मळ्यातून अंधार पडल्यावर आली आणि हात धुऊन झोपायला गेली.

माझ्याशी ती चांगली वागली. हे सांगायलाच हवं. माझ्या बाळंतपणात तिने मला जपलं, लेकीला न्हाऊ घातलं, बाजारातले किस्से सांगून हसवलं. बाबांनाही तिने शेवटपर्यंत गरम भाकर वाढली. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, झालं गेलं विसरली म्हातारी. फक्त आमच्यापैकी कोणी काही सांगितलं की ती ऐकून घ्यायची आणि मग दुसऱ्या कोणाला तरी तेच विचारायची. बाबा म्हणाले पाऊस येईल, तर शेजारणीला विचारायची, आभाळ आहे का? मी पत्रात लिहिलं पोर बरी आहे, तर जळगाव जामोदहून कोणी आलं का ते एस.टी.वर जाऊन पाहायची.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी दोन लेकरांची आई होते. निरोप मिळाला आणि मी एस.टी. बदलत बदलत गावी पोचले. मोताळ्याचे डॉक्टर येऊन गेले होते. बाबांनी मला दारातच सांगितलं, फार दिवस नाहीत, पण तिच्यासमोर काही बोलू नका, धीर सोडेल. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आजी विचारेल, आणि मी खरं सांगेन. कोणी कितीही डोळे वटारले तरी सांगेन. प्रवासभर मी याचीच तयारी केली होती. मला वाटत होतं, माझ्यासाठीच हा प्रसंग आला आहे.

मी तिच्या खाटेला लागून बसले. तिचा हात हातात घेतला. तिने मला ओळखलं, लेकरांची नावं घेऊन विचारपूस केली. मग थोडा वेळ छताकडे पाहत राहिली. मी वाट पाहत होते.

"डाक्टर काय म्हणे..." तिने सुरुवात केली. मी पुढे वाकले. माझ्या ओठांवर शब्द आलेले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा हात वर केला, सावकाश, जडपणे.

"तू नोको," ती म्हणाली. "तिच्या सुनेले बोलाव."

मीच गेले बोलवायला, आणि डॉक्टर काय म्हणाले ते वाटेत तिला सांगितलं. ती कापूस वेचायला गेली होती, वावरातून तशीच आली, लुगड्याला कापसाचे पुंजके चिकटलेले. बाबा पुढे होऊन तिला काही खुणावत होते, तिने तिकडे पाहिलं नाही. ती आत आली आणि खाटेवर बसली.

"सांग वं," आजी म्हणाली. "कसं आहे माह्यं?"

सुनेने तिच्या कपाळावरून हात फिरवला. "नाही राह्यत तुम्ही मावशी आता," ती म्हणाली. "दोन दिस, तीन दिस."

"बरं," आजी म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला. मग तिने विचारलं, वेचणीत भाकर खाल्लीस का, कापूस यंदा कसा आहे, तुझं पोरगं शाळेत जातं का, आणि ती एकेक सांगत गेली आणि आजी सगळं ऐकत गेली, कोणाला पुन्हा न विचारता. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. परत आल्यावर मी पुन्हा धरलेला तिचा हात अजून माझ्या हातात होता.